मावशीचं उत्तर

लीड्स, १२ ऑक्टोबर २००४

काका,

पत्र तुमच्या नावावर आलं म्हणून हुरळून जाऊ नका. मावशीला वाचता येत नाही, आणि पेइशेंग वाचून दाखवायला बसला तर अर्धं गिळून टाकील, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही ठरवलेली तालुक्याच्या शाळेतली नोकरी मी नाकारली तेव्हापासून आपण एकमेकांशी बोलत नाही. ते तसंच राहू द्या. तुम्ही फक्त तिला वाचून दाखवायचं आणि ती काय म्हणते ते लिहून पाठवायचं. उभा जन्म पोरांना शुद्धलेखन घातलंत, एवढं जमेल.

मी बरी आहे. थंडी आहे, पाऊस आहे, तांदूळ मिळतो. शेजारच्या खोलीत उत्तरेकडच्या हार्बिनची तान वेई राहते. तिच्या मते आम्ही दक्षिणेकडचे लोक जेवत नाही, नुसते सूप पीत बसतो.

लिहायचं कारण, प्रबंधाचा विषय द्यायचा आहे. मला इथल्या जुन्या कापडगिरण्यांच्या चाळींवर लिहायचं होतं. पाठीला पाठ लावून बांधलेली विटांची घरं, मागे खिडकी नाही, दार नाही. मी रोज त्यांच्यासमोरून जाते. आमच्या ऑल्डरसनबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला (दूध घातलेला, तुम्ही असता तर उठून गेला असतात) आणि म्हणाल्या, "गिरण्यांवर लिहिणारे इथे पैशाला पासरी आहेत. तू इतक्या लांबून आलीस. तुझ्याकडे जे आहे ते आमच्यापैकी कुणाकडे नाही."

म्हणजे काय, तर चिनी संस्कृती. इथला मुलगा चीनवर लिहू शकतो, जपानवर लिहू शकतो, मनात आलं तर चंद्रावर लिहू शकतो. चीनच्या मुलीने मात्र चीनवरच लिहायचं. तान वेईने मुकाट्याने नववर्षाच्या उकडलेल्या पुरचुंड्यांवर विषय घेतला. मला म्हणते, "तूही खाण्यावरच घे. भूक लागली की निदान वाचवतं तरी."

मी बाईंना म्हटलं, ड्रॅगन आणि कंदील सोडून काहीही सांगा. त्या हसल्या आणि सहज म्हणून विचारलं, "घरी आईला काय हाक मारतेस?"

"मावशी," मी म्हटलं.

बाईंनी कप खाली ठेवला. "आणि वडिलांना?"

"काका."

"आणि तुझा भाऊ?"

"तो आई-बाबा म्हणतो."

झालं. बाईंना जणू परसात मोहरांचा हंडा सापडला. मग सगळं समजावून सांगावं लागलं. मी जन्मले तेव्हा मावशी मरता मरता वाचली. तुम्ही आंधळ्या ज्योतिषाकडे गेलात. त्याने माझ्या जन्मवेळेची आठ अक्षरं बोटांवर मोजली आणि सांगितलं की पोरीचं नशीब कडक आहे, आईला खाईल. हिने आईला आई म्हणू नये, म्हणजे ही कुणाची ते नशिबाला कळणार नाही. म्हणून ती मावशी, आणि मावशीचा नवरा म्हणून तुम्ही काका. चार वर्षांनी पेइशेंग झाला, त्याची अक्षरं मऊ निघाली. आमच्याकडे अशी पोरं गल्लोगल्ली आहेत, त्यात नवल काही नाही, असंही मी सांगितलं. पण बाईंचं लिहून घेणं थांबेना.

तेव्हा हाच विषय. आणि मावशीला विचारायचा प्रश्न एकच: मी तिला मावशी म्हणत आले, याचं तिला वाईट वाटलं का?

खरं सांगू? प्रबंध हे निमित्त आहे. हा प्रश्न मला कळायला लागल्यापासून विचारायचा होता. घरात विचारला असता तर तुम्ही चहा गाळायला उठला असतात. विद्यापीठाच्या नावाने विचारला तर उत्तर द्यावं लागेल.

तुमच्या बायकोची भाची,
सूछिंग


लीड्स, १० नोव्हेंबर २००४

काका,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, तारच म्हणायची. "वाचून दाखवलं. ती म्हणते, हा काय विषय झाला? दुसरा घे. मुळा वाळत घातला आहे, झाला की पाठवू." अक्षर मात्र नेहमीसारखं सुरेख.

वाक्य मावशीचंच आहे, त्यात शंका नाही. तिच्या तोंडचं वाक्य मी हजारांत ओळखीन. पण हे उत्तर नाही, काका. दार लावून घेणं झालं.

बागेतून बाहेर पडायचा दिवस आठवतो तुम्हाला? सगळी गल्ली म्हणत होती, पंधरावं लागलं, आता पोर देवीच्या बागेतून बाहेर पडणार, लहानपणीची सगळी बंधनं सुटणार. मावशीने बारा फुलांच्या पाण्याने मला आंघोळ घातली. आजोळहून आलेले नवे कपडे, लाल खडावा. कोंबडीचं डोकं माझ्या वाडग्यात, आणि पेइशेंग त्यावरून रडतोय. मी आदल्या दिवसापासून मनाशी घोकत होते की उद्या बंधन सुटणार, उद्या म्हणायचं. मी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या, मावशीकडे वळले, तोंड उघडलं. आणि टेबलाच्या पलीकडून तुम्ही म्हणालात, "सूछिंग, मावशीला सूप वाढ."

एवढंच. तुम्हाला कळलं होतं मी काय म्हणणार ते. मी सूप वाढलं. मावशी सूप प्यायली. त्या दिवशी मी तुमच्यावर जो राग धरला तो अजून उतरलेला नाही. तालुक्याच्या शाळेतली नोकरी हे नंतरचं निमित्त.

बाईंना मी सांगितलं की माहिती देणारी व्यक्ती जरा लाजाळू आहे. माहिती देणारी व्यक्ती! इथे आईला असं म्हणतात. तिकडे मावशी म्हणतात. आई कुठेच म्हणत नाहीत.

पुन्हा विचारा तिला. आणि तुम्ही खोलीत असलात तर ती बोलणार नाही, तेव्हा कान तिथे ठेवा आणि तुम्ही बाहेर बसा. कसं ते तुमचं तुम्ही बघा.

सूछिंग


लीड्स, ६ डिसेंबर २००४

काका,

हे पत्र मावशीला वाचून दाखवू नका.

काल मी आपल्या भांड्यांच्या दुकानात फोन केला होता. पेइशेंगने उचलला आणि भांड्यांच्या खणखणाटात ओरडला, "आई, तुझ्या भाचीचा फोन!" मग स्वतःच खदाखदा हसला. इतकी वर्षं झाली, त्याचा हा विनोद काही शिळा होत नाही.

गेल्या आठवड्यात बाईंनी मला विचारलं होतं, "तू कधी म्हणून पाहिलं आहेस का? नुसतं एकदा? काय होतं ते टिपून ठेवता येईल." दूध उतू जातं का ते बघायचं असावं अशा सुरात. मला इतका संताप आला की मी दार आपटून बाहेर पडले. तीन दिवस स्वतःशीच भांडले. बाईंसाठी मी ते करणार नव्हते. पण एकदा डोक्यात शिरलं ते निघेना.

मावशी फोनवर आली. मी म्हटलं, "आई."

पलीकडे दुकानात कुणीतरी कढयांचा भाव करत होतं, तेवढं ऐकू येत होतं. मला वाटलं लाइन तुटली. मग ती म्हणाली, "जेवलीस का?"

"जेवले."

"थंडी आहे का?"

"आहे."

"पायमोजे घाल."

आणि फोन ठेवला. काका, तिने तुम्हाला काही सांगितलं का? चिडली? रडली? त्या दिवशी नीट जेवली का? तुम्ही तिच्याबरोबर राहता, तुम्हाला दिसलं असेल. मला एवढं कळवा, बाकी काही नको. हे मी प्रबंधात घालणार नाही. बाईंना सांगितलं की फोन लागला नाही.

सूछिंग


लीड्स, १७ जानेवारी २००५

काका,

मागच्या पत्राबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. ठीक आहे. तुमच्याकडून काही निघेल अशी आशा धरणं म्हणजे दगडाला पाझर फुटायची वाट बघणं आहे.

विषय मंजूर झाला, आता माघार नाही. सोबत मावशीसाठी प्रश्न पाठवते आहे. गल्लीतल्या बायका काय म्हणायच्या, पेइशेंगने पहिल्यांदा आई म्हटलं तेव्हा मी कुठे होते, ज्योतिषाचं तिला पटलं होतं का, असे. आणि सर्वात शेवटी तोच, पहिला. तिला सवडीने उत्तरं देऊ द्या. एका दिवसात नको.

आणि दुसरं. परवा फोनवर तिचा आवाज दमलेला वाटला. डोकं दुखतं म्हणाली. तिला शान्तोऊच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जा आणि रक्तदाब बघून या. देवळातल्या धुपाने डोकं दुखायचं थांबत नाही.

सूछिंग


लीड्स, २४ फेब्रुवारी २००५

काका,

पाच पानं! मी पाकीट फोडलं आणि जिन्यातच बसून वाचलं. तान वेई म्हणाली, "काय गं, प्रेमपत्र आलं की काय?" मी म्हटलं, आलं.

मावशी इतकं बोलली? माझी मावशी? "हाक काय, कशीही मारा. पोर दारातून आत आलं की पावलावरून कळतं आपलं आहे ते." हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. आणि ते दुसरं, "गल्लीतल्या बायका मुद्दाम विचारायच्या, भाची किती दिवस राहणार? मी म्हणायचे, हाकलून द्याल तोवर." मी एवढी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी अजून एकदाच वाचलं आहे. पुन्हा वाचायला धीर होत नाही. "वाईट वाटलं का विचारतेस. रोज वाटलं. पण ती जिवंत, मी जिवंत, एका टेबलावर जेवतो. यापेक्षा जास्त मागितलं तर देवाला हाव दिसेल. तिच्या काकाला माझ्याहून जास्त लागायचं. तो दाखवत नसे. पोरीला पंधरावं लागलं तेव्हा तो त्या आंधळ्याकडे पुन्हा गेला होता, आता तरी सूट मिळेल का विचारायला. आंधळा नाही म्हणाला. घरी येऊन त्याने तीन कप चहा केला आणि एकही प्यायला नाही."

मला हे माहीत नव्हतं, काका. तुम्ही गेला होतात? म्हणून त्या दिवशी सूप वाढायला सांगितलंत? हे तुम्ही कधीच सांगितलं नसतं. मावशीने सांगितलं आणि तुम्हाला ते मुकाट्याने लिहून घ्यावं लागलं. लिहिताना तुमचा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसतं आहे. जाऊ द्या. आपलं अर्धं भांडण मिटलं असं समजा.

मला वाटतं, त्या फोनमुळे तिची जीभ मोकळी झाली.

नववर्षाला फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, तिचा घसा बसला आहे, डॉक्टरांनी बोलू नको सांगितलं आहे. अजून बरा नाही? आणि मुळा मिळाला, पण या वेळी जाड चिरलाय आणि मिठाचा हात सुटलाय. तिला कमी दिसायला लागलं आहे का? दवाखान्यात डोळेही दाखवा.

तुमची,
सूछिंग


लीड्स, २८ मार्च २००५

काका,

पेइशेंगचं लग्न सतरा एप्रिलला? येत्या सतरा एप्रिलला? पुढच्या हिवाळ्यात ठरलं होतं ना? नवरीला डोहाळे लागले का ते सरळ सांगा, मी इथे कुणाला सांगणार नाही. मावशी नाक मुरडत असेल आणि मनातून नाचत असेल. माझी परीक्षा आहे, येता येणार नाही, हे तुम्ही मी विचारायच्या आधीच लिहून टाकलंत. इतकी काळजी माझ्या परीक्षेची तुम्हाला कधीपासून?

बाईंनी काल मावशीची उत्तरं वर्गात वाचून दाखवली. पावलांचं वाक्य झाल्यावर टाळ्या पडल्या. तिला सांगा, परदेशात तिच्यासाठी टाळ्या वाजल्या. बाई म्हणाल्या, आधी दोन ओळींत बोळवण करणारी बाई इतकी मोकळी झाली, हे मुलीचं यश आहे. मी लाजले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

लग्नाचा फोटो पाठवा. चौघांचा. म्हणजे मी नसताना नव्या सुनेला धरून चौघांचा. घरात चहाचे तीनच कप, चौथ्याने थांबायचं, ते आता तिला शिकवा.

तुमची,
सूछिंग


लीड्स, ४ एप्रिल २००५

काका,

दुकानातला फोन कुणी उचलत नाही. शेजाऱ्यांकडे केला, तर त्यांनी माझा आवाज ऐकून ठेवून दिला.

आज स्वयंपाकघरात तान वेईने सहज विचारलं, "तुमच्याकडे असं घाईघाईत लग्न कधी उरकतात?" मी कांदा चिरत होते. आमच्या चालीरीतींची मी इथली मोठी जाणकार. मी म्हटलं, "दोनच कारणं. एक तर नवरी पोटुशी असते, नाहीतर घरात कुणीतरी गेलेलं असतं. मग शंभर दिवसांच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं."

वाक्य माझ्या तोंडून पूर्ण निघालं, काका. पूर्ण निघाल्यावर मला ऐकू आलं.

बसलेला घसा. जाड चिरलेला मुळा. माझ्या परीक्षेची काळजी.

उद्या छिंगमिंग. सगळं गाव टेकडीवर आपापली थडगी साफ करायला जाईल. तुम्ही उद्या कुणाचं थडगं साफ करणार आहात?

सूछिंग


लीड्स, १९ एप्रिल २००५

काका,

पेइशेंग अखेर बोलला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुभकार्यात विघ्न नको म्हणून थांबला असणार. बावीस जानेवारीला ती अंगणात मुळा उलटायला बसली आणि उठलीच नाही. तुम्ही सगळ्यांना बजावलंत की तिकडे कळवायचं नाही, पोरीचं शिक्षण बुडेल. यात तुम्ही काही जगावेगळं केलं नाहीत. परदेशी असलेल्याला चांगलं तेवढं कळवायचं, वाईट घरातच गिळायचं, हे आपल्याकडे सगळेच करतात. आपल्याच गल्लीत दोन घरांनी केलं, तेव्हा मीही म्हटलं होतं की शहाणपणाचं केलं.

मी पेइशेंगला विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तुला सांगून काय होणार होतं, ताई? तू फोनवर तिला आई म्हणालीस ना? अख्ख्या गल्लीला माहीत आहे. दोन महिने नाही काढले तिने. मिळालं ना उत्तर? घाल आता तुझ्या प्रबंधात."

मी म्हटलं, तिला रक्तदाब होता. तो म्हणाला, "हो, तुमच्या पुस्तकात असेल."

मग मी त्या पाच पानांबद्दल विचारलं. तो म्हणाला, "कसली पानं?"

कसली पानं, काका? माझे प्रश्न पोचले तेव्हा तिला मातीत जाऊन आठवडा उलटला होता. तुम्ही मेलेल्या बाईच्या तोंडी पाच पानं घातलीत. तुमच्या त्या सुरेख अक्षरात. पावलांचं वाक्य तुमचं. हाकलून द्याल तोवर, हेही तुमचं. "रोज वाटलं", तेही तुम्हीच ठरवलंत. आणि त्यात हळूच स्वतःची वकिली करून घेतलीत! तिच्या काकाला माझ्याहून जास्त लागायचं! जन्मभर एक शब्द न बोललेला माणूस बायको गेल्यावर तिच्या तोंडून बोलायला लागतो. आंधळ्याकडे तुम्ही दुसऱ्यांदा गेला होतात का, की तेही तिथेच बसून रचलंत? मी इथे वेड्यासारखी रडले त्यावर. तुम्हाला माफ करून बसले होते.

आणि मी, तिचं वाक्य हजारांत ओळखणारी! तिने जन्मात मला दिलेलं उत्तर एकच होतं: हा काय विषय झाला, दुसरा घे. ते मला उत्तर वाटलं नाही. खोटं आलं तेव्हा मी टाळ्या घेतल्या.

माय मरो पण मावशी जगो म्हणतात. आपलं गणित उलटं होतं. मावशी म्हटलं की माय जगेल. दोघी एकाच दिवशी गेल्या.

एक गोष्ट सांगा आणि या वेळी खरं सांगा. मुलीने आईच्या प्रेतामागून जाताना डोक्यावर गोणपाटाची टोपी घालायची असते. भाचीला नुसती पांढरी पट्टी. मी आले असते तर तुम्ही माझ्या हातात काय ठेवलं असतंत? ज्योतिषाला विचारायला गेला असतात का?

सूछिंग


लीड्स, ८ जून २००५

काका,

तुमचं पत्र येऊन दोन आठवडे झाले. लगेच उत्तर लिहिलं असतं तर शिव्याच गेल्या असत्या.

आधी इकडचं. मी ऑल्डरसनबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला, त्यांचे डोळे भरले, ते खोटं नव्हतं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुला आत्ता पटणार नाही, पण हे आधीपेक्षा मोलाचं झालं आहे. बायको गेलेला नवरा तिच्या आवाजात मुलीशी बोलतो. हे कुणाकडेच नाही." मी म्हटलं, "खरं आहे, कुणाकडेच नाही. म्हणूनच देणार नाही." ती पानं मी त्यांच्या टेबलावरून उचलून घेतली. त्या वाईट बाई नाहीत. त्यांच्या हातात जे पडेल ते त्यांना मोलाचंच दिसतं.

विषय बदलला. पाठीला पाठ लावलेली घरं. सहा महिने वाया गेले, मुदत मागून घ्यावी लागली. गिरण्यांवर लिहिणारे पैशाला पासरी असतील तर त्यात आणखी एक. ती म्हणाली होती दुसरा घे. घेतला.

आता तुमचं पत्र. मी इतके आरोप केले, त्यातल्या निम्म्यांना तुम्ही हात लावला नाहीत. ती पानं का लिहिलीत, याला तुमचं उत्तर एका ओळीचं: "तुझे प्रश्न आले होते, उत्तर द्यायला कुणी नव्हतं." आंधळ्याकडे दुसऱ्यांदा गेला होतात. मानते. तो बसायचा ते देऊळ पडलं, आता पडताळायला तोही नाही. आणि टोपी. तुम्ही लिहिता की टोप्या दोन शिवल्या होत्या, एक पेइशेंगने घातली आणि एक शवपेटीवर ठेवली, आणि आत्यांनी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "ती जिची आहे ती लांब आहे." हे पेइशेंगला विचारलं. तो म्हणाला, "होती." तेव्हा हे खरं आहे.

उरलं ते शेवटचं पान. माझं डिसेंबरमधलं पत्र, ज्याला तुम्ही उत्तर दिलं नव्हतं.

तुम्ही लिहिता, फोनच्या दिवशी ती दुकानातून घरी आली आणि भाजी निवडत बसली. मग म्हणाली, "आज पोरगी आई म्हणाली." तुम्ही ओरडलात तिच्यावर. उद्याच्या उद्या देवळात जा, देवीपुढे नाक घास, म्हणावं पोर चुकली, आम्ही ऐकलं नाही. ती भाजी निवडत राहिली. तुम्ही पुन्हा म्हणालात. तेव्हा ती म्हणाली, "नाही जाणार. मी ऐकलं." दुसऱ्या दिवशी नाही गेली, आणि नंतरही नाही गेली. तुम्ही लपून एकटे जाऊन धूप लावून आलात, तिच्या वतीने माफी मागितलीत, आणि तिला कळल्यावर ती तुमच्याशी पाच दिवस बोलली नाही.

नाही जाणार. मी ऐकलं.

काका, हे तिचं आहे का?

मी हे वाक्य घेऊन गेले दोन आठवडे हिंडते आहे. तिच्यासारखं आखूड आहे. भाजी निवडता निवडता ती असंच बोलायची. पण पावलांचं वाक्यही मला तिचंच वाटलं होतं. तुम्ही तिच्याबरोबर तीस वर्षं जेवलात, तिचा आवाज तुमच्याइतका कुणाला काढता येणार? तुम्ही एकदा खोटं लिहिलंत आणि त्यामुळे हे खरं असलं तरी मला कधीच कळणार नाही. तुमच्यावर माझा राग आहे तो याचा. मरण लपवलंत ते एक वेळ विसरेन. पण तिचं एक वाक्य माझ्यापर्यंत धड यायला हवं होतं, आणि वाटेत तुम्ही बसला आहात.

विचारायला दुसरं कुणी नाही. तेव्हा मी ते खरं धरते. मला परवडत नाही ते खोटं धरणं.

आता एकच सांगायचं राहिलं. हे पत्र सुरू करताना मी वर काकाऐवजी दुसरंच लिहिलं होतं. जे पेइशेंग म्हणतो ते. लिहिताना काही वाटलं नाही, चार रेघांचं अक्षर तर आहे. मग मी त्या कागदाकडे बघत बसले. मी शिकलेली आहे. ती रक्तदाबाने गेली, हे मला माहीत आहे. हाकेने माणूस मरत नाही, यावर मी तासभर बोलू शकते. पण पत्र पोस्टात टाकायची वेळ आली आणि मला आठवलं की आता तुम्ही एकटेच उरला आहात. मी कागद फाडला, त्याचे तुकडे केले आणि गॅसच्या जाळावर धरले. तान वेई म्हणाली, "काय जाळतेस?" मी म्हटलं, चूक झाली होती लिहिण्यात.

त्या आंधळ्याने मला शेवटी गाठलंच. तुम्ही इतकी वर्षं मला का अडवत होतात ते मला कळलं आहे, आणि कळून तुमच्यावरचा राग रेसभरही कमी झालेला नाही. दोन्ही राहू द्या.

मुळा पाठवू नका. तुम्हाला चिरता येत नाही.

काका, जेवलात का?

तुमची मुलगी,
सूछिंग